तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री नऊचं ‘घेतली’

“ताई, ज्या बायकांचं तोंड कधी पाहिलं नाही, त्यांना मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एवढं सगळं कसं सांगता?” एचआयव्हीचा रिपोर्ट हातात पडलेली प्रत्येक नवी बाई मला हे विचारते. तोंड पाहिलेलं नाही, म्हणूनच सांगता येतं.

पेडण्याहून बांबोळीला जाताना कदंबच्या बसमध्ये दोन तरी ओळखीचे भेटतातच. “गोमेकॉत कुणाला बघायला?” गोमेकॉ म्हणजे बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज. माझ्या पिशवीत गोळ्यांची बाटली असायची. खड्डा आला की ती खुळखुळायची, म्हणून मी तिच्यात कापूस कोंबायची आणि वरचं लेबल नखाने खरवडून काढायची. गरोदरपणी सातव्या महिन्यात माझी तपासणी झाली, तेव्हा एका दवाखान्यात फाइलवर लाल पेनाने ठळक लिहून ठेवलं होतं. जावेने ते वाचलं. आज एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा आहे, आपली माहिती अशी उघड करता येत नाही. तेव्हा मला कुणाकडे बोट दाखवायचं तेही माहीत नव्हतं.

आणि गोव्याला जुनी आठवण आहे. 1989 साली डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला एचआयव्ही आहे एवढ्यावरून म्हापशात 64 दिवस कोंडून ठेवलं होतं. त्याची आई लुसी त्याच्यासाठी कोर्टात गेली. आमच्या पिढीला ती गोष्ट घाबरवायलाच सांगितली गेली. आई कोर्टात गेली, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आमच्या ग्रुपचं नाव ‘रांगोळी’. पडद्यावर मेसेज झळकला तरी दिराला, सासूला काही कळू नये म्हणून. फोटो लावायचा नाही, खरं नाव लिहायचं नाही. व्हॉट्सॲपवर नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणून बऱ्याच जणींनी वेगळं सिम घेतलं. ‘मुळापासून बरं करतो’ म्हणून औषध विकायला कुणी आलं, तर मी त्याच मिनिटाला काढून टाकते. त्यात मी दयामाया दाखवत नाही.

तिथे काय बोलतो? डॉक्टरांसमोर ओठांवर येऊन परत जातं ते. एकीने रात्री बाराला विचारलं, “नवऱ्याजवळ गेले तर त्याला होईल का?” गोळ्या रोज चालू असतील आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला असेल, तर संबंधातून तो लागत नाही, हे तिला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. दुसरी गरोदर, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आमच्या गोळीबरोबर उपाशीपोटीच घ्यायची. त्याने आमच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर हे औषध अंगी नीट लागत नाही. आम्ही तिला सकाळीच एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, विचारायला लावलं, तिथे वेळा बदलून दिल्या. बाळाचा 18 महिन्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा तिने नुसती रांगोळीची चित्रं पाठवली, पडदाभर.

रात्री नऊला प्रत्येकीने एकच शब्द टाकायचा: ‘घेतली’. गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, एकीचा आला नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. मी ‘आहेस ना?’ लिहिलं. उत्तर आलं, “घर पाहुण्यांनी भरलंय. गोळ्या ट्रंकेत, ट्रंक माटोळीच्या, गणपतीच्या खोलीत, तिथे भजन चाललंय.” मी लिहिलं, “आरती होऊ दे. उशीर झाला तरी चालेल, चुकवू नको.” दुसरी म्हणाली, मी जागी आहे. तिसरीही.

पावणेबाराला आलं, ‘घेतली’.