'बरे होण्याची अपेक्षित तारीख'

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. सहा वर्षं झाली. निदान कसं झालं, औषध लागू पडायला किती वेळ गेला, यावर फार लिहीत नाही, कारण ते त्या मानाने सरळ पार पडलं. मी अडकले ती एका पानाच्या फॉर्मपाशी. त्यात जवळजवळ तीन महिने गेले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर (डॉक्टर त्याला 'सायनोव्हियम' म्हणतात) उलटते. अस्तर सुजतं, आणि उपचार झाले नाहीत तर हाड झिजायला लागतं. सगळ्यात वाईट वेळ सकाळची. उठल्यावर तास-दीड तास माझी मूठच वळत नाही. दुपारपर्यंत हात मोकळे होतात आणि मी कोणाहीइतकं काम करते. म्हणून माझी मागणी एवढीच होती की कामावर दीड तास उशिरा येऊ द्या, संध्याकाळी तेवढंच जास्त थांबेन.

त्यासाठी आमच्या ऑफिसात एक फॉर्म भरावा लागतो. नाव, विभाग, आजाराचं नाव, आणि मग तो रकाना: 'बरे होण्याची अपेक्षित तारीख'. मी तो कोरा ठेवला. बारा दिवसांनी फॉर्म परत आला, वर 'अपूर्ण' असा शेरा.

चौकशीला गेले. टेबलावरचे गृहस्थ वाईट नव्हते, शांतपणे म्हणाले, "मॅडम, एक तारीख टाका, म्हणजे पुढे सरकवतो."

मी म्हटलं, "हा आजार बरा होत नाही, आटोक्यात राहतो."

"मग डॉक्टरांकडून 'कायमस्वरूपी' असं लिहून आणा."

डॉक्टर तसं लिहायला तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. औषध लागू पडलं तर महिनोन्‌महिने त्रास जवळपास नसतो, आणि पुन्हा कधी उचल खाईल ते कोणी सांगू शकत नाही. त्यांनी 'दीर्घकालीन' असा शब्द लिहून दिला. तो घेऊन गेले, तर उत्तर मिळालं की असा पर्याय फॉर्मवर नाही. म्हणजे एक तर तारीख द्या, नाहीतर कायमचे अपंग म्हणवून घ्या. मधल्या जागेत जगणाऱ्या माणसाला त्या कागदावर जागाच नव्हती. खोटी तारीख टाकायचा मोह मला झाला होता, नाकारत नाही. पण त्या तारखेला 'बरी झाले' असा दाखला मागितला असता, तो कुठून आणला असता?

आठ-दहा दिवस मी तो फॉर्म नुसता बॅगेत घेऊन फिरले. मग पुन्हा भरला, रकान्यात 'दीर्घकालीन' असंच लिहिलं, आणि या वेळी तो परत आला वेगळ्याच कारणाने: सही जुळत नाही. सही मी सकाळी आठला केली होती. अंगठ्याचं मूळ सुजलेलं, पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेत धरलेलं. माझ्या सहीत शेवटी एक मोठा फाटा वर जातो. तो वळलाच नव्हता, सरळ रेघ ओढली गेली होती. ज्या कारणासाठी मी सवलत मागत होते, तेच कारण त्या सहीत डोळ्यांसमोर होतं. आणि त्याच सहीवरून अर्ज परत केला गेला. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले.

वाट निघाली ती डॉक्टरांच्या एका वाक्याने. ते म्हणाले, "बरं होण्याची तारीख मी देऊ शकत नाही, पुढच्या तपासणीची देऊ शकतो." त्यांनी नवं सर्टिफिकेट दिलं. त्यात आजाराबद्दल एकच ओळ होती, बाकी सगळं कामाबद्दल: सकाळी उठल्यावर अंदाजे दीड तास हातांचे सांधे आखडलेले असतात, त्या वेळात टायपिंग, लिखाण, वजन उचलणं जमत नाही, नंतर काम करण्यास सक्षम, सहा महिन्यांनी फेरतपासणी. रकान्यात मी लिहिलं, 'आजार दीर्घकालीन, पुढील आढावा' आणि फेरतपासणीची तारीख. रकान्यात तारीख आली आणि ती खरीही होती. नऊ दिवसांत मंजुरी मिळाली.

म्हणून असा फॉर्म ज्यांच्यासमोर आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आजाराचं वर्णन करत बसू नका, काम कुठे अडतं ते लिहा. फॉर्म वाचणाऱ्याला 'सायनोव्हियम' कळणार नाही, 'सकाळी दहापर्यंत पेन धरता येत नाही' हे कळेल. सर्टिफिकेट घेताना डॉक्टरांना हे मुद्दे कागदावर लिहून द्या. दहा मिनिटांच्या भेटीत त्यांना ते आठवतील अशी अपेक्षा धरू नका. आणि कागद देताना पोच घ्या, तारखेसकट. पहिल्या वेळी मी घेतली नव्हती, त्यामुळे ते बारा दिवस फॉर्म नेमका कुठे होता हे मला आजही माहीत नाही.

सह्या दुपारनंतर करा. बँकेत मी नमुना सही बदलून घेतली, आता ती आखूड आणि साधी आहे, बोटं सुजली तरी जमते. हे आधीच करायला हवं होतं.

औषधाचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर ते सगळ्यात आधी यायला हवं. या आजारावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध घेत असाल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. माझा वार शुक्रवार. डबीवर मोठ्या अक्षरांत 'शुक्रवार' लिहून ठेवलं आहे, आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांनी वेगळ्या दिवशी सांगितली आहे, तिची डबी वेगळ्या रंगाची. ताप-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा, कारण काही अँटिबायोटिक्स हिच्याबरोबर चालत नाहीत. स्टेरॉइड चालू असेल तर बरं वाटलं म्हणून मनाने अचानक बंद करू नका.

रक्ततपासणीचे रिपोर्ट मी एकाच फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावते. लिव्हर आणि रक्तपेशींचे आकडे मागच्या वेळेशी पडताळून पाहता आले तरच त्यांचा उपयोग.

घरात फारसं काही बदललं नाही. पिशवी बोटांत धरत नाही, कोपरात अडकवते, म्हणजे भार मोठ्या सांध्यावर जातो. पेनला आणि दात घासायच्या ब्रशला फोमची जाड नळी बसवली आहे, पकड सैल ठेवता येते. भरलेलं भांडं दोन्ही तळव्यांवर उचलते. आणि ज्या दिवशी हात हलके वाटतात त्याच दिवशी आठवड्याचं काम उपसायचं नाही. हे शिकायला मला चार वर्षं लागली. चांगल्या दिवशी कपाट आवरलं की पुढचे दोन दिवस आडवं पडून जायचे.

माझा आढावा पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मुद्द्यांचा कागद तयार आहे, जुन्या मंजुरीची आणि पोचेची प्रत फाईलमध्ये सगळ्यात वर लावली आहे. फॉर्म मात्र तोच आहे, रकानाही तसाच. तो बदलावा म्हणून मी वेगळा अर्ज दिला आहे, दुपारी सही करून. त्याचीही पोच घेतली आहे.