बाईंचा ‘थांबा!’

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवला तो बाईंचा नाटकाचा तास. वेळापत्रकात त्याला नाव काहीही असो.

तास शांतता शिकवण्याचा, पण शांततेवर बाई कधी बोलल्याच नाहीत. भांडण वठवायला लावायच्या. प्रसंग पाच-सात मिनिटांचा, पात्रं तीन-चार आणि शेवट वाईटच हवा. गोड झाला तर बघणाऱ्यांना करायला काही उरत नाही. एकदा तो सलग दाखवायचा. दुसऱ्या खेपेला कुणीही ‘थांबा!’ म्हणून उठायचं, सोसणाऱ्याच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं वागून बघायचं. दांडगाई करणाऱ्याची जागा मात्र घ्यायची नाही. तो आपोआप शहाणा झाला तर ती नुसती जादू! ही रीत ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांची, १९७०च्या दशकातली, हे फार पुढे कळलं. खेळ चालवणाऱ्याला ते ‘जोकर’ म्हणत. जोकरने उपदेश सुरू केला की खेळ मेलाच. बाई एवढंच विचारायच्या, “असं खरंच घडेल?”

बाकावरून ढकलण्याचा एक प्रसंग होता. चौघांनी येऊन हात उगारला, दर वेळी दांडगटाला चेवच चढला. पाचवी मुलगी आली. पडलेलं दप्तर उचललं, झटकलं, बाकावर ठेवलं आणि गप्प बघत बसलेल्या तिसऱ्या पात्राला म्हणाली, “सरक, तिघं बसू.” दांडगट झालेल्याला पुढचं वाक्यच सुचेना.

सुरुवातीला दहा मिनिटं तळव्याचा खेळ असे. एकाचा तळवा दुसऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब. तळवा जाईल तिकडे चेहरा न्यायचा, मग अदलाबदल. नाचवण्याची मजा आणि नाचण्याची चीड, दोन्ही मानेला कळायचं.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. वर्गातलं ताजं भांडण नावानिशी घेतलं की ते मैदानावर पुढे चालू राहतं. म्हणून दोन-तीन जणांचे अनुभव जोडून प्रसंग बेतायचा. दुसरं म्हणजे भूमिका उतरवायची राहून जाते. मग दांडगट झालेल्या मुलाला आठवडाभर तेच नाव चिकटतं. हातपाय झटकून प्रत्येकाने स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, हे बाई घंटा झाली तरी सोडत नसत. घाईच्या शिबिरांत नेमकं हेच गाळतात.

आता सभागृहातल्या खुर्च्या जमिनीला पक्क्या बसवल्यात म्हणे. पंचवीस-तीस मुलांचा गोल करायला मोकळी जमीन लागते. निदान पुढच्या दोन रांगा काढता आल्या तर बघावं.