पाय ठेवला की झटके

"काका, टेबलावर मस्त फिरतंय, पण वर उभं राहिलं की उजवं चाक झटके हाणतंय." जालन्याहून आलेला पोरगा. इंजिनिअरिंगला आहे, रोबोटचं भारी वेड. आणलेला होवरबोर्ड, म्हणजे उभं राहून चालवायची दोन चाकांची बॅटरीवरची फळी. दुसऱ्या एका ठिकाणी त्याचा मदरबोर्ड बदलून झाला होता, जायरो म्हणजे कल ओळखणारा सेन्सरही बदलला होता, झटके तसेच. काढलेला बोर्ड त्याने पिशवीत जपून आणला होता.

आमच्या सिडकोतल्या वर्कशॉपमध्ये आधी बॅटरी तपासतात. दहा सेल सिरीजमध्ये, पूर्ण चार्जला ४२ व्होल्ट. मीटरवर ३९.६ आले आणि चाकं दाबून धरली तरी जेमतेम एक व्होल्ट उतरलं. बॅटरी बसलेली असती तर दोन्ही चाकं एकदम गेली असती. एकच अडखळतंय म्हणजे घोटाळा त्याच बाजूला.

मोटर चाकाच्या आतच असते, ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली. तीन जाड वायरी करंट नेतात. पाच बारीक वायरी हॉल सेन्सरच्या, म्हणजे फिरणारं चुंबक कुठे आहे ते बोर्डाला सांगणाऱ्या सेन्सरच्या: लाल आणि काळी सप्लायच्या, पिवळी, हिरवी, निळी सिग्नलच्या. कनेक्टर बोर्डाला लावलेलाच ठेवून मागून मीटरची सुई घालायची. कनेक्टर काढून मोजलं तर फसगत होते, कारण हे सेन्सर सिग्नलचं व्होल्टेज फक्त खाली खेचतात, वर ओढणारा रेझिस्टर बोर्डावर असतो. पायाखालचे पॅड मोकळे असले की मोटर सुटत नाही, त्यामुळे चाक हाताने फिरवता येतं. आत चुंबकांच्या १५ जोड्या, म्हणून एका फेऱ्यात प्रत्येक सिग्नल १५ वेळा वर-खाली व्हायला हवा. तिन्ही होत होते. मग फिरवता फिरवताच एक्सलच्या तोंडाशी वायरींचा जुडगा बोटाने खाली दाबला, तशी हिरवी वरच अडकली. बोट काढलं की पुन्हा चालू.

तीन सिग्नलच्या आठ जुळण्यांपैकी सहाच खऱ्या. तिन्ही वर किंवा तिन्ही खाली, असं चांगल्या मोटरमध्ये होतच नाही. वायर सुटली की बोर्डाला ती कायम वर दिसते, 'तिन्ही वर' ही अवस्था येते आणि करंट भलत्याच कॉइलला जातो. माणूस उभा राहिला की पाय ठेवायचा पाट किंचित वाकतो, वायर ताणली जाते. टेबलावर ताण नाही म्हणून दोष लपतो. वजन पडल्यावरच दिसणाऱ्या झटक्यांत माझा पहिला संशय वायरवर. बोर्ड विकत घेण्याआधी एवढं बोट लावून पाहायला हवं होतं.

कारणही कळलं. होवरबोर्ड उन्हाळाभर गाडीच्या डिकीत होता. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद डिकीत वायर धरून ठेवणारा हॉट ग्लू मऊ पडतो, वायर मोकळी होऊन हलत राहते आणि तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. सेललाही ती उष्णता सोसत नाही.

तुटलेली जागा एक्सलच्या तोंडाशीच, म्हणून हब, म्हणजे मोटर असलेला चाकाचा मधला भाग, उघडावा लागला. चुंबक स्टेटरला, म्हणजे कॉइल गुंडाळलेल्या स्थिर गाभ्याला, जबर ओढतात, तिथे बोट मध्ये येऊ द्यायचं नाही. आतून वायर नवी टाकली, जोडावर स्लीव्ह चढवली, बाहेर थोडी ढील ठेवून टायने बांधली. वरून न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, ते इथे चालत नाही.

शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे सरळ पातळी कोणती ते यंत्राला शिकवणं. यंत्र बंद, फरशी समपातळीत, दोन्ही पाट सरळ रेषेत. दिवे लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरायचं, सोडायचं, बंद करून परत चालू. पोरगा उभा राहिला, गोल फिरला, चाक गप्प.

मग पिशवीतला जुना बोर्ड तपासला. ठणठणीत निघाला. त्याच्या रोबोटला तो हवाच होता, कारण एकाच बोर्डावर दोन मोटर चालवणारी सर्किटं (ड्रायव्हर) मिळतात. त्यावरची चिप एसटीएम३२ जातीची, म्हणजे नवा प्रोग्रॅम भरता येणारी मायक्रोकंट्रोलर; प्रोग्रॅमिंगच्या वायरी जोडायचे चार टाके बाजूलाच असतात. प्रोग्रॅम चढेपर्यंत पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि बोर्ड बॅटरीवर असेल तर प्रोग्रॅमरची ३.३ व्होल्टची वायर जोडायची नाही, हे त्याला कागदावर लिहून दिलं.