जयपूरचं जंतरमंतर : गेटवरचा गाईड टाळा, सावलीचं गणित घरूनच करून जा

जंतरमंतर म्हणजे जयपूरचा राजा सवाई जयसिंह याने बांधलेली दगडी यंत्रांची वेधशाळा. गोव्याहून तिथे जाणाऱ्यांना पहिलीच सूचना. गेटवर जो अंगावर येऊन 'गाईड, गाईड' करतो त्याला अजिबात घेऊ नका. आमचे पैसे सगळ्यांचे मिळून ठरले होते, बाहेर पडताना म्हणाला माणशी बोललो होतो आणि भांडून भांडून शेवटी द्यावेच लागले. पण पैशांपेक्षा राग आहे तो त्याने जे सांगितलं त्याचा.

सम्राट यंत्रापाशी नेऊन म्हणाला जगातलं सगळ्यात मोठं सावलीचं घड्याळ, दोन सेकंदांपर्यंत बरोबर. मी सावली वाचली, मनगट बघितलं, तर चाळीस मिनिटांचा फरक! त्यावर उत्तर काय, 'पुराना हो गया साब, थोडा पीछे चलता है.' अहो, २७ मीटर उंच दगडी बांधकाम ते, मागे पडायला त्यात सेल आहे का?

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात आणि जयपूर आहे ७५.८ वर, म्हणजे तिथला सूर्य बारा महिने साधारण २७ मिनिटं मागे. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला आणखी १४ मिनिटं उशीर. झाली की ४१! नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर हीच दुसरी रक्कम उलटी होते, १६ मिनिटं वजा, फरक फक्त ११. तुमच्या तारखेचा आकडा काढून ठेवा, नाहीतर यंत्र बिघडलंय असंच वाटून परत याल. खुणा दोन सेकंदांच्या आहेत हे खरं, पण सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, म्हणून सावलीची कड धूसर पडते, जरा थांबून बघावं लागतं. वरच्या तिरक्या भिंतीचा चढ २७ अंश कारण जयपूरचा अक्षांश तेवढा. हेच फोंड्यात बांधलं तर साडेपंधरा अंशच लागेल.

राशिवलयाच्या १२ यंत्रांजवळ गाईड प्रत्येकाला आपापल्या राशीपाशी उभं करून फोटो काढायला लावतो, अर्धा वेळ त्यातच जातो. ती ती रास याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आली की ते ते यंत्र वापरायचं, हे एका शब्दाने सांगितलं नाही. तो वेळ जयप्रकाश यंत्राला द्या. जमिनीतल्या दोन संगमरवरी अर्धगोल वाट्या, एकीत जिथे दगड तिथे दुसरीत माणसाला उतरायला वाट, दोन्ही मिळून अख्खं आकाश. मला सगळ्यात आवडलं ते हेच, अजून डोक्यातून जात नाही.

आणि गोंयकारांनी हे माहीत करून जावं की सवाई जयसिंहाने पाद्री मानुएल दे फिगेरेदोबरोबर आपली माणसं गोव्यामार्गे पोर्तुगालला पाठवली होती, ती ला हायर या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची, सूर्य-चंद्र-ग्रहांच्या जागा काढायची कोष्टकं घेऊन आली. जयसिंहाने ती आकाशाशी ताडून बघितली तर चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक! युरोपातून आलंय म्हणून मान डोलावली नाही त्याने.

उघडल्या उघडल्या आत शिरा, दुपारी आडोसा नाही आणि दगड भाजतो. आभाळ असेल तर तो दिवस हवामहलला द्या, सावलीशिवाय इथे काही अर्थ नाही. सगळ्याचं मिळून एक तिकीट मिळतं त्यात हवामहल आणि आमेर येतं, सिटी पॅलेस येत नाही. मडगावहून मरुसागर एक्सप्रेस थेट जयपूरला जाते, पण आठवड्यातून एकदाच, रिझर्वेशन आधी करा. आणि रिक्षावाला वाटेत रत्नांच्या दुकानात थांबवायला लागला तर तिथेच उतरून चालू लागा.