ऑडिओ सिस्टीमसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: जोडणीचा माझा अनुभव

स्पीकरमधून हम (सततची गुणगुण) येतो म्हणून लोक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरकडे, म्हणजे व्होल्टेज तेवढंच ठेवून उपकरणांना मेन्सच्या वायरपासून वेगळं करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे, वळतात, पण त्यातला बराचसा हम या ट्रान्सफॉर्मरने जाणारा नसतो. त्यामुळे मी वायरला हात लावण्याआधी आवाजाचं मूळ शोधलं. पॉवर अँप्लिफायर बंद करून त्याच्या सगळ्या सिग्नल केबल काढायच्या, इनपुटला शॉर्टिंग प्लग (सिग्नल आणि ग्राउंड एकमेकांना जोडणारे) लावायचे, मग चालू करून स्पीकरजवळ ऐकायचं. शांत असेल तर बंद-चालू करत एकेक केबल परत जोडायची. ज्या उपकरणाची केबल लागताच हम परत येतो, तिथे बहुधा ग्राउंड लूप असतो. दोन उपकरणांच्या अर्थ पिना आणि त्यांना जोडणाऱ्या केबलची शील्ड (बाहेरची जाळी) मिळून हा लूप बनतो. ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला तरी अर्थची वायर त्याला वळसा घालून पुढे जातेच, त्यामुळे लूप जिथल्या तिथे राहतो. त्यावर उपाय सिग्नलच्या बाजूला करायचा: बॅलन्स्ड केबल, लाइन लेव्हलचा १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, किंवा टीव्हीच्या कोअॅक्सवर आयसोलेटर. अर्थ पिन कापणं हा उपाय नाही. उपकरणात फॉल्ट झाला की त्याच पिनवर जीव अवलंबून असतो.

स्पीकर शांत, पण अँप्लिफायरच्या डब्यातूनच घरघर येते, हे वेगळं दुखणं. मेन्समध्ये थोडा डीसी मिसळला की टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरची कोअर एका बाजूला सॅच्युरेट होते, म्हणजे तिची चुंबकत्व पेलायची मर्यादा संपते. काही शे मिलिव्होल्टही त्याला पुरतात. अर्ध्या वेव्हवर चालणारा हेअर ड्रायर किंवा हीटर घरात सुरू झाला की घरघर वाढते, ही त्याची खूण. मोजायचं असेल तर मल्टिमीटर थेट मेन्सवर डीसी रेंजला लावू नका, वाचन भरवशाचं येत नाही. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आणि पुढे १० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर असा फिल्टर करून कपॅसिटरवर मोजलं की आकडा स्थिरावतो. फिल्टरला थेट मेन्स असतो, त्यामुळे तो बंद डब्यात हवा.

हे दोन्ही बाजूला काढल्यावर उरतं ते ट्रान्सफॉर्मरचं खरं काम. डिमर, स्विचिंग सप्लाय, फ्रिजची मोटर यांचा कॉमन मोड नॉइज फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकाच दिशेने येतो आणि उपकरणांतल्या कपॅसिटरमधून अर्थकडे जाताना सिग्नलच्या शील्डवरून वाहतो. ट्रान्सफॉर्मर ही वाट मोडतो. पण दोन्ही वाइंडिंगमध्ये कपॅसिटन्स असतोच, आणि फ्रिक्वेन्सी जितकी वर तितका नॉइज त्यातून सहज पलीकडे जातो. म्हणून प्रायमरी (मेन्सकडचं वाइंडिंग) आणि सेकंडरी (उपकरणांकडचं वाइंडिंग) यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचं स्क्रीन हवं. स्क्रीन नसलेला साधा १:१ ट्रान्सफॉर्मर या कामासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोरॉइडल की ईआय (E आणि I आकाराच्या पत्र्यांच्या कोअरचा)? टोरॉइडलची स्ट्रे फील्ड कमी, आकार लहान, बिनलोडचा तोटा कमी. पण वाइंडिंग एकावर एक असल्यामुळे कपॅसिटन्स जास्त, डीसी सहन होत नाही आणि सुरू होताना तो जोरदार करंट ओढतो. आयसोलेशनसाठी टोरॉइडल लावला तर पुढच्या उपकरणांना डीसी पोचत नाही हे खरं, पण तो स्वतःच घरघरायला लागतो. मी ईआय निवडला, दोन कप्प्यांच्या बॉबिनचा (वायर गुंडाळायच्या रिळाचा). त्यात प्रायमरी आणि सेकंडरी शेजारी-शेजारी असतात, कपॅसिटन्स कमी होतो, आणि लॅमिनेशनच्या सांध्यांतल्या बारीक फटीमुळे थोडा डीसी खपून जातो.

वाइंडिंग करून घेताना चार गोष्टी लिहूनच द्या. सीआरजीओ स्टॅम्पिंग, म्हणजे खास सिलिकॉन पोलादाचे कोअरचे पत्रे. कोअरमधला चुंबकीय फ्लक्स १.२ टेस्लाच्या आत, तोही २५० व्होल्ट धरून, कारण २३० वर कसाबसा बसवलेला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज चढलं की गुणगुणतो. व्हॅक्यूम वार्निश. आणि स्क्रीनची टोकं एकमेकांवर यावीत पण मध्ये इन्सुलेशन असावं. ही टोकं चिकटली तर तो शॉर्ट झालेला एक वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर बिनलोडवरच तापतो.

क्षमता ठरवताना नुसते वॅट मोजून भागत नाही. रेक्टिफायर आणि मोठ्या कपॅसिटरचं उपकरण व्होल्टेजच्या शिखरावरच करंट खेचतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए; व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर) ०.६ ते ०.६५ धरावा. डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारं उपकरण), स्ट्रीमर, प्री-अँप्लिफायर आणि टर्नटेबल मिळून ७० वॅट असतील तर ते सुमारे ११५ व्हीए होतात. त्याला मी ५०० व्हीए ठेवला. चौथ्या हिश्शाच्या आसपास लोड असला की व्होल्टेज फारसं पडत नाही आणि करंटच्या शिखरांना वेव्हचा माथा चपटा होत नाही.

पॉवर अँप्लिफायर मी मुद्दाम बाहेर, शेजारच्या भिंतीच्या सॉकेटवर ठेवला. त्याला ट्रान्सफॉर्मरवर घ्यायचं तर लागणाऱ्या व्हीएच्या तिप्पट तरी क्षमता हवी, नाहीतर जोरदार बेसला सप्लाय दबतो. सगळं एकाच छोट्या ट्रान्सफॉर्मरवर टाकून मग आवाजातली ताकद गेली अशी तक्रार बरेच जण करतात, तिचं कारण हेच.

डबा लोखंडी पत्र्याचा, खाली-वर हवेच्या फटी असलेला. अर्थसाठी स्वतंत्र स्टड: त्या जागचा रंग खरवडून धातू उघडा करायचा, रिंग लग क्रिंप करायचा, स्टार वॉशर आणि दोन नट. ट्रान्सफॉर्मर आवळायचा बोल्ट अर्थ स्टड म्हणून वापरायचा नाही, कारण तो थरथरीने सैल होतो. आतली वायर १.५ चौरस मिलिमीटर मल्टिस्ट्रँड तांब्याची, अर्थची २.५. टोरॉइडल बसवणाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवावं. मधल्या बोल्टचं वरचं टोक डब्याच्या झाकणाला टेकता कामा नये. टेकलं की बोल्ट, झाकण आणि तळ मिळून कोअरभोवती बंद वेढा तयार होतो, प्रचंड करंट वाहतो आणि फ्यूज उडतो. झाकण उघडं असताना सगळं ठीक आणि झाकण लावलं की फ्यूज जातो, असं झालं तर आधी हेच तपासा.

जोडणीचा क्रम असा. भिंतीकडून येणारी अर्थ वायर थेट स्टडवर. फेज आणि न्यूट्रल डबल पोल स्विचवर, फेजमध्ये ३.१५ अँपिअरचा टाइम डिले फ्यूज, मग सॉफ्ट स्टार्ट, मग प्रायमरी. सॉफ्ट स्टार्ट म्हणजे ४७ ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, जो साधारण अर्ध्या सेकंदाने १६ अँपिअरच्या रिलेने बायपास होतो. ३२५ व्होल्टच्या शिखरालाही करंट ७ अँपिअरच्या आत राहतो. रिलेचा संपर्क जुळला नाही तर रेझिस्टर जळत राहतो, म्हणून त्याला टेकवून सिरीजमध्ये थर्मल फ्यूज हवाच. ५०० व्हीएचा ईआय सी कर्व्हच्या एमसीबीवर (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच; सी कर्व्ह म्हणजे क्षणिक वाढ सोसणारा प्रकार) सहसा सॉफ्ट स्टार्टशिवायही सुरू होतो, पण इतका लहान फ्यूज टिकवायचा तर त्याची गरज पडते. कोअर आणि स्क्रीन दोन्ही आखूड, जाड वायरने त्याच स्टडवर. स्क्रीनची वायर लांब आणि गुंडाळलेली असेल तर तिच्या इंडक्टन्समुळे वरच्या फ्रिक्वेन्सीला स्क्रीनचा उपयोग उरत नाही.

आता सेकंडरी. इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या जीवावर बेततात.

सेकंडरी मोकळी ठेवली, म्हणजे अर्थशी कुठेच जोडली नाही, तर एका उपकरणापुरतं ते सुरक्षित मानता येतं. अनेक उपकरणं लावली की चित्र बदलतं. पहिल्या उपकरणात एक टोक बॉडीला लागलं तर काहीच ट्रिप होत नाही, कोणाला कळतही नाही. मग दुसऱ्या उपकरणात दुसरं टोक बॉडीला लागतं आणि तेव्हा धोका उघड होतो. शिवाय घराच्या मुख्य बोर्डावरच्या आरसीसीबीला (फेज आणि न्यूट्रलच्या करंटमध्ये फरक पडला की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा फॉल्ट दिसत नाही, कारण तिथला करंट मूळ न्यूट्रलकडे परततच नाही. म्हणून सेकंडरीचं एक टोक डब्यातच २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने अर्थ स्टडला बांधलं. तिथून पुढे तेच टोक न्यूट्रल आणि दुसरं फेज. हा बाँड आरसीसीबीच्या आधी असावा लागतो. फक्त नंतर घातला तर फॉल्टचा करंट आरसीसीबीच्या दोन्ही पोलमधून सारखाच वाहतो आणि ती पडतच नाही. या बाँडमुळे आणखी एक फायदा होतो: भिंतीच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये लोडप्रमाणे एक-दोन व्होल्ट हलत असतात, ते इथे जवळपास शून्य होतात.

पुढे ३० मिलिअँपिअरची दोन पोलची आरसीसीबी, ए टाइप, कारण इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा लीकेज करंट शुद्ध एसी नसतो. आणि २ अँपिअरची सी कर्व्हची डबल पोल एमसीबी. घरात सहज मिळणारी ६ अँपिअरची सी कर्व्ह इथे चालत नाही, त्याचा हिशोब बघा. ५०० व्हीएचा पूर्ण लोड करंट २.१७ अँपिअर. इम्पिडन्स ७ टक्के धरला तर सरळ शॉर्ट केल्यावरही जेमतेम ३१ अँपिअर मिळतात. ६ अँपिअरच्या सी कर्व्हला झटकन पडायला ३० ते ६० लागतात, म्हणजे ती पडेलच याची खात्री नाही. २ अँपिअरवाली १० ते २० मध्ये पडते.

पहिल्यांदा सप्लाय देताना प्रायमरीच्या सिरीजमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा दिवा. सॉफ्ट स्टार्ट आणि सेकंडरीचं वायरिंग तात्पुरतं सोडवायचं. दिवा क्षणभर चमकून मंद झाला किंवा विझला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा ११५ व्होल्टची दोन प्रायमरी वाइंडिंग सिरीजमध्ये उलटी लागली आहेत. दोन सेकंडरी सिरीजमध्ये घ्यायच्या असतील तर मीटरवर बेरीज यायला हवी. शून्य आलं तर एका वाइंडिंगची टोकं बदला.

त्याआधी सप्लाय पूर्ण तोडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) प्रायमरी ते सेकंडरी, प्रायमरी ते स्क्रीन आणि सेकंडरी ते कोअर तपासलं. सेकंडरीची चाचणी बाँड सोडवून करायची. नवीन, कोरड्या वाइंडिंगला शंभर मेगोहमच्या खाली आलं तर ओल राहिली आहे असं समजून परत वार्निशला पाठवावं. अर्थ पिन ते डबा ०.१ ओहमच्या आसपास.

बाँड घालण्याआधी सेकंडरीच्या एका टोकापासून अर्थपर्यंत मीटर लावलं तर साठ, ऐंशी, कधी शंभरावर व्होल्ट दिसतात. ट्रान्सफॉर्मर खराब आहे असं वाटतं, पण तो वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समुळे दिसणारा भास आहे, कारण मीटरचा इम्पिडन्स १० मेगोहम असतो. बाँड घातला की तो नाहीसा होतो.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडली म्हणून निश्चिंत होऊ नका. बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच काम करतं, बाँड विसरलेला असला तरी ती पडते. बाँड वेगळा तपासायचा: सप्लाय तोडून, आरसीसीबी आणि एमसीबी चालू स्थितीत ठेवून आउटपुट सॉकेटच्या न्यूट्रल ते अर्थ पिनमध्ये शून्याजवळ ओहम. मग सप्लाय असताना आरसीडी टेस्टरने (आरसीसीबी तपासायच्या उपकरणाने) खरा फॉल्ट देऊन. हे काम आणि मुख्य बोर्डाशी जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी, यात तडजोड नको.

सेकंडरीवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (थेट मेन्सवर लावण्याच्या वर्गाचा) कपॅसिटर आणि १०० ओहम, २ वॅट सिरीजमध्ये लावला. लीकेज इंडक्टन्समुळे होणारं रिंगिंग त्याने दबतं, आणि ५० हर्ट्झला त्यातून फक्त ७ मिलिअँपिअर जातात. कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच हवा.

डिमरची चरचर आणि स्विचचे टकटक आवाज या जोडणीनंतर दबले. हिस मात्र होती तशीच राहिली, ती अँप्लिफायरच्या आतली असते. डिफरन्शियल मोडचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये येणारा, नॉइजही ट्रान्सफॉर्मर फारसा कापत नाही. त्यासाठी वेगळा फिल्टर लागतो.

ईआयची स्ट्रे फील्ड मोठी असते, म्हणून डबा फोनो स्टेजपासून (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागापासून) निदान एक मीटर लांब ठेवला. एमसी कार्ट्रिज (मूव्हिंग कॉइलचं, फार बारीक सिग्नल देणारं) असेल तर प्लेअरचा टोनआर्म रेकॉर्डवर न टेकवता, व्हॉल्यूम वाढवून डबा जमिनीवर फिरवून बघायचा. एका विशिष्ट कोनात हम सर्वांत कमी होतो, त्याच कोनात खाली रबराचे पाय लावून तो कायम ठेवायचा. महिनाभराने सप्लाय तोडून सगळे टर्मिनल एकदा परत आवळले, कारण मल्टिस्ट्रँड वायर स्क्रूखाली बसते आणि सैल होते.