टोपी सांभाळा, डोममधून बाहेर पडताय

टोकियोत चार दिवस होतो. देवळं, बाजार, ट्रेन बदलताना उडालेली तारांबळ, हे सगळं पुन्हा कधीतरी. आज फक्त एका दाराबद्दल.

सुइदोबाशी स्टेशनाजवळ टोकियो डोम हे छप्पर असलेलं बेसबॉलचं स्टेडियम आहे, १९८८ साली उघडलेलं. लांबून पाहिलं तर भलंमोठं पांढरं अंडं; 'बिग एग' हे टोपणनाव उगाच नाही पडलेलं. आत शिरायला मात्र गोल फिरणारी दारं. खांद्याला बॅग, मागे रांग, आणि आपण त्या काचेच्या फाकीत अंग चोरून पावलं टाकतोय. साधी दारं ठेवायला काय झालं होतं, म्हणून मी मित्रापाशी कुरकुरलो.

"वर बघ," तो म्हणाला. "खांब दिसतोय एक तरी?"

नव्हता. छप्पर म्हणजे टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं दुहेरी कापड आणि पोलादी दोरांची जाळी. वजन ४०० टन. आणि ते तोललंय हवेवर! पंखे सतत हवा आत ढकलत असतात. दाब बाहेरपेक्षा जेमतेम ०.३ टक्के जास्त, म्हणजे नऊ मजली इमारतीच्या तळात आणि नवव्या मजल्यावर असतो तेवढाच फरक. कानाला पत्ताही लागत नाही. हवा निसटू नये म्हणून ती फिरती दारं.

सामना दुपारचा होता. कापडातून दुधी उजेड झिरपत होता. बेसबॉल मला ओ की ठो कळत नाही. त्यात उंच उडालेला पांढरा चेंडू पांढऱ्या छतात हरवायचा, मग शेजाऱ्यांच्या माना वळतील तिकडे बघायचो. खुर्च्या अरुंद, गुडघे दुखले. पाठीवर बिअरचं पिंप बांधून पोरी जिने चढत होत्या, गुडघा टेकून ग्लास भरून देत होत्या, की लगेच हसत पुढच्या रांगेत. बघूनच मी दमलो.

सामना संपल्यावर गर्दीसाठी साधी दारं उघडली. "टोपी धर," मित्र म्हणाला. मी कसला ऐकतोय! उंबऱ्यावर पाठीत असा झोत बसला की दोन पावलं मी न टाकताच पडली आणि टोपी गर्दीवरून उडत गेली. एका आजोबांनी ती बुटाने अडवली, झटकली, दोन्ही हातांनी मला दिली आणि वाकले. मीही वाकलो, केस विस्कटलेले.

इतका वेळ डोक्यावर छप्पर तोलून धरणारी ती हीच हवा. पुन्हा आत जाऊन एकदा बाहेर येऊ का, असं मी दारावरच्या माणसाला खुणेने विचारलं. त्याने अतिशय नम्रपणे नाही म्हटलं.