मुरूड ते जयगड : बंद इंजिनाच्या ऑइलमध्ये खारं पाणी शिरतं कुठून

जंजिऱ्याजवळच्या राजपुरी खाडीतून पहाटे मतलई वाऱ्यावर निघालं की जयगड साधारण ६० सागरी मैल पडतं. थंडीच्या मोसमात दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला लाटा उजवीकडून, मागून लागतात. शिडावर वेग छान मिळतो, त्यामुळे इंजिन तासन्‌तास बंद असतं. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडणारं डिझेल इंजिन पाण्याच्या पातळीखाली बसवलेलं असेल, तर याच तासांत ऑइलमध्ये पाणी शिरू शकतं.

म्हणून खाडीत शिरण्याआधी, स्टार्टरला हात लावण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी, काढायची. जयगडच्या दीपगृहासमोर आमच्या डिपस्टिकवर ऑइल काळंच होतं, पण वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि काडीच्या टोकाला पाण्याचे थेंब. इंजिन फिरलेलं नसेल तर पाणी तळाशी बसून राहतं. दुधाळ रंग फिरल्यानंतरच येतो. नुसता रंग बघणारा इथे फसतो. अशा वेळी शिडावरच आत यावं आणि तवसाळच्या फेरीबोटीचा मार्ग सोडून नांगर टाकावा.

स्टार्टर मारायचा नाही, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सी-कॉक (समुद्राचं पाणी इंजिनाला घेणारा नळ) बंद, मग सगळे इंजेक्टर बाहेर, मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे. इंजेक्टरच्या भोकांतून पाणी उडालं, म्हणजे ते वरून, बहुधा एक्झॉस्टमधून आलं. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून आणखी दोन फेरे द्यावेत.

तरीही पाणी खारं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं बंद नळ्यांतलं द्रव), हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. हातपंपाची नळी डिपस्टिकच्या वाटेने तळापर्यंत घालून पहिलं अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत घ्यावं. खाली बसलेल्या पाण्यातलं १० मिली एक लिटर बाटलीबंद पाण्यात मिसळून टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर लावला, की समुद्राचं पाणी असल्यास आकडा सुमारे ३०० ते ४०० ने चढतो. कूलंट असेल तर फारसा हलत नाही. चव घेऊन बघणारे असतात. वापरलेलं ऑइल विषारी असतं, तो प्रकार नको.

इंजिनात वेगळं कूलंट असेल, तर खारं निघालं म्हणजे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरच्या हेडमधली पट्टी) आणि हेडची चीर बहुतेक बाद. उरतात तीन जागा. पहिली सी-वॉटर पंप. त्याच्या पाण्याकडच्या आणि ऑइलकडच्या सीलमध्ये खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. पाण्याकडचं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. भोक मीठ-ग्रीसने बुजलं असेल तर ठिबक दिसत नाही आणि पाणी दुसऱ्या सीलवर दाब आणतं. तार घालून भोक मोकळं करावं. शाफ्टवरच्या खाचेत नख अडकत असेल तर नुसतं सील बदलून भागत नाही, शाफ्टही बदलावा. दुसरी जागा समुद्राच्या पाण्याने ऑइल थंड करणारा ऑइल कूलर. तो काढून एक तोंड बंद करावं, सायकलच्या पंपाने दीड-दोन बार हवा भरावी आणि बादलीत बुडवून बुडबुडे बघावेत. चालू इंजिनात ऑइलचा दाब जास्त असल्याने कूलर फुटला तर आधी ऑइल बाहेर जातं आणि मागे तवंग दिसतो, ही खूणही लक्षात ठेवावी.

आमच्याकडे दोन्ही ठीक होते. तिसरी जागा दोषी निघाली: अँटी-सायफन व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याच्या नळीत हवा सोडून आपोआप चालणारा ओघ (सायफन) तोडणारा व्हॉल्व्ह. त्याची झडप पांढऱ्या मिठाने चिकटून बसली होती, तोंडाने फुंकर मारली तरी हवा जात नव्हती. हवा न मिळाल्याने सायफन तुटला नाही, पंपातल्या झिजलेल्या इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पात्यांमधून पाणी हळूहळू सरकत राहिलं, मफलर भरला आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये व पिस्टनच्या रिंगांवरून संपमध्ये (तळाच्या ऑइलपात्रात) उतरलं. लांब पल्ल्याला शिडावर असताना सी-कॉक बंद ठेवावा आणि इंजिनाची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवावी, म्हणजे चालू करण्याआधी तो उघडल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. व्हॉल्व्ह पाण्याच्या पातळीपेक्षा किमान ३० सेंमी वर असावा आणि दर सहा महिन्यांनी गोड्या पाण्यात धुवावा. इंजिन पटकन चालू होत नसेल तर स्टार्टर मारत राहण्याआधीही सी-कॉक बंद करावा. नाहीतर तेच पाणी त्याच वाटेने आत येतं.

सफाईला उशीर नको, खाऱ्या पाण्याने बेअरिंगांना लवकर गंज चढतो. ऑइल उपसून नवा फिल्टर, स्वस्तातलं १५डब्ल्यू-४० भरायचं, सी-कॉक उघडून दहा-पंधरा मिनिटं आयडलवर चालवायचं आणि गरम असतानाच पुन्हा उपसायचं. दुधाळपणा जाईपर्यंत बहुधा तीन ते पाच वेळा हे करावं लागतं, दर वेळी नव्या फिल्टरसह. चार लिटर ऑइल लागणाऱ्या इंजिनाला २० लिटरचा कॅन पुरतो. जास्तीचं ऑइल, फिल्टर आणि सील मिळवायला रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बाजूला जावं. जयगडहून रस्त्याने चाळीस-पन्नास किलोमीटर. उपसलेलं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून तिथेच गॅरेजला द्यावं. शेवटचं ऑइल भरून पाच तास भार देऊन चालवल्यावर ते पुन्हा एकदा बदलावं.